नियम, नड आणि नियत

आपल्यापैकी अनेकांची हयात कारखान्यात, कचेरीत गेली. आता मुलं-सुना तिथे आहेत. त्यामुळे खरेदी खात्याचा नियम घरोघरी ठाऊक असतो. तीन कोटेशनं मागवा, तुलनेचा तक्ता करा, माल सारखाच असेल तर ज्याचा दर कमी त्याला ऑर्डर द्या. मग चांगला, शिकलेला खरेदी मॅनेजर हा नियम मोडतो तो का?

‘पैसे खातो, दुसरं काय!’ असं आपण पटकन म्हणतो. तेही घडतं. पण पुष्कळदा सुरुवात पैशातून होत नाही, नडीतून होते. बेअरिंग गेलं, मशीन बंद पडलं, उत्पादन खात्याचे फोनावर फोन. यादीतला पुरवठादार आठ दिवस मागतो. ओळखीचा जुना माणूस संध्याकाळी माल आणून देतो. मॅनेजर त्याच्याकडून घेतो, कारखाना चालू राहतो. यात पाप कुठे आलं?

त्या एका खेपेत नाही. पण नड संपते आणि सवय उरते. पुढे घाई नसतानाही फोन त्यालाच जातो. मंजुरीची मर्यादा चुकवायला एका ऑर्डरच्या तीन ऑर्डरी होतात. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही अशा तुकड्यांना मनाई करावी लागली आहे. मग दिवाळीला घरी मिठाईचा खोका येतो. अवधूताने चोवीस गुरूंत मासाही मोजला, तो उगाच नाही. माशाला आमिष दिसतं, गळ दिसत नाही.

यात खरा मारला जातो तो तिसराच. बाकीची दोन कोटेशनं नुसती फाईल भरायला मागवलेली असतात. एखादा नवा उद्योजक कर्ज काढून, रात्र जागून दर बसवतो. इकडे निर्णय आधीच झालेला असतो. पंक्तीला बोलावून उपाशी परत पाठवावं, तसंच हे. हा अन्याय कुठल्याही ऑडिटात सहसा सापडत नाही.

दोष कंपनीचाही असतो. अडचणीला वाट न ठेवणारा नियम चांगल्या माणसालाही लपवायला शिकवतो. तातडीच्या खरेदीची रीत नियमातच लिहून ठेवावी.

मग ओळखायचं कसं? नियम सोडल्याचं कारण आपल्या सहीने फाईलवर लिहिता येतं का? वरिष्ठांना त्याच दिवशी सांगता येतं का? येत असेल तर ती नड. हात अडखळला, तर नियत तपासावी. घरातलं कुणी खरेदी खात्यात असेल, तर दिवाळीचा खोका उघडण्याआधी आपण वडीलधाऱ्यांनी त्याला एवढंच विचारावं.