कोंडलेल्या जीवाचा घास



साप पाळणे हा आपल्याकडच्या घरांतला विषय नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार येथील सापांना घरात कोंडून ठेवणे हा गुन्हाच आहे. परंतु ब्रिटनसारख्या देशात, जिथे आपली कितीतरी कोकणी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन यांसारखे बिनविषारी साप काचेच्या पेटीत पाळण्यास कायद्याची आडकाठी नाही. अशा घरातील एखाद्या मुलाला साप हवा असतो, पण त्याच्यापुढे उंदीर टाकताना हात थरथरतो. मग त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो : अख्ख्या उंदराऐवजी दळलेल्या मांसाचे, सॉसेजसारखे तयार खाद्य सापाला दिले तर ते अधिक दयेचे ठरणार नाही का?

प्रश्न लहान दिसतो, पण दया म्हणजे नेमके काय, हा फार जुना प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

प्रथम सृष्टीची व्यवस्था पाहू. साप चावून खात नाही, गिळतो. त्याच्या जबड्यांची रचनाच त्यासाठी आहे. तो पूर्ण मांसाहारी आहे आणि त्याला लागणारे सारे काही त्या एका भक्ष्यात असते : हाडांतून कॅल्शियम, यकृतातून जीवनसत्त्वे, स्नायूंतून प्रथिने. नुसते स्नायूंचे मांस त्याला दिले तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे, असा असमतोल होतो व कालांतराने हाडे कमकुवत होतात. म्हणून तयार खाद्यांतही फरक करावा लागतो. हाडे व अवयवांसह अख्खे प्राणी दळून केलेले खाद्य एक, आणि निव्वळ मांसाचा गोळा दुसरा. पहिले भक्ष्याच्या बरेच जवळ जाते. दुसरे पोट भरते, पण शरीर पोसत नाही. शिवाय साप भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः गंधाने. काही साप असे खाद्य स्वीकारतात, काही त्याकडे वळतही नाहीत.

आता आपल्या दीनची शिकवण पाहू. सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत अल्लाहने पृथ्वीवरील प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. सूरह हूदच्या ६ व्या आयतीचा आशय असा की, प्रत्येक जीवाच्या रिज़्क़ची, म्हणजे उपजीविकेची, जबाबदारी अल्लाहने स्वतःकडे घेतली आहे. रानातला साप त्या व्यवस्थेत जगतो. आपण त्याला पेटीत ठेवतो, तेव्हा शोध घेण्याची त्याची वाट बंद करतो. त्या क्षणापासून त्याचा घास ही आपल्याकडची अमानत होते.

मांजरीला कोंडणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सारे जाणतो. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. तिच्या अपराधाचे वर्णन लक्षपूर्वक वाचावे. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडे-जीव टिपून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. प्रेषितांनी (स.) येथे मांजरीचे नैसर्गिक अन्न कोणते, याचा आवर्जून उल्लेख केला आहे. ज्याने जीवाला त्याच्या अन्नापासून तोडले, त्याने त्या अन्नाची खरी भरपाई केली पाहिजे, हा बोध त्यातून निघतो. आपल्याला जे पाहवते ते देणे म्हणजे भरपाई नव्हे.

मग उंदराचे काय? सहीह मुस्लिममधील हज़रत आयशा (रज़ि.) यांच्या एका रिवायतीत ज्या पाच उपद्रवी प्राण्यांना मारण्याची परवानगी आहे, त्यांत साप आणि उंदीर दोघेही आहेत. परंतु मारण्याची परवानगी ही छळण्याची परवानगी नाही. अल्लाहने प्रत्येक बाबतीत इहसान, म्हणजे उत्तम रीत, आवश्यक केली आहे, अगदी जीव घेतानाही, असे हज़रत शद्दाद बिन औस (रज़ि.) यांच्या रिवायतीत आहे. सजीवाला निशाणा बनवण्याचीही मनाई आहे. रानातल्या उंदराला पळायला वाट असते. काचेच्या पेटीत जिवंत उंदीर सोडणे म्हणजे त्याला बांधून मृत्यूपुढे उभे करणे होय, आणि घाबरलेला उंदीर सापालाही चावून जखमी करतो. तेव्हा जिवंत भक्ष्य देण्याचा मार्ग सोडावा, हे निःसंशय.

उरले दोन पर्याय : आधी मारून गोठवलेला उंदीर, किंवा तयार खाद्य. येथे स्वतःशी प्रामाणिक राहावे. सॉसेजमध्येही कोणाचा तरी जीव गेलेलाच असतो. तो ससा असेल, कोंबडी असेल, लावा असेल. फक्त त्याचे डोळे, शेपूट आणि चेहरा आपल्याला दिसत नाहीत. एवढ्यावर आपण स्वतःला दयाळू समजू लागलो, तर ती दया उंदरावर झाली नाही, सापावर तर नाहीच. ती केवळ आपल्या नजरेवर झाली.

तरीही तयार खाद्याच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे. एका मोठ्या प्राण्याच्या मांसातून पुष्कळ घास होतात, उंदीर मात्र प्रत्येक घासाला एक जातो. फिक़्हचाही प्रश्न आहे. इमाम नववी (रह.) यांनी शिकारी कुत्र्यांना व पक्ष्यांना मृत जनावर खाऊ घालणे जायज़ म्हटले आहे, परंतु मृत जनावराच्या विक्रीला हज़रत जाबिर (रज़ि.) यांच्या हदीसमध्ये मनाई आहे. वायूने मारलेला गोठवलेला उंदीर विकत घेताना हा प्रश्न येतो. हलाल ज़बीहा झालेल्या कोंबडीपासून, हाडे व यकृतासह केलेल्या खाद्यात तो येत नाही. तेव्हा असे खाद्य सापाला मानवत असेल आणि जाणकार पशुवैद्याने ते पुरेसे ठरवले असेल, तर ते निवडावे. साप ते नाकारत असेल, अशक्त होत असेल, तर आपल्या किळसेपायी त्याला उपाशी ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. खरेदीच्या मसल्याबाबत जवळच्या विश्वासू आलिमांना विचारावे.

मात्र या सर्वांच्या आधीचा एक प्रश्न आहे : हा जीव कोंडलाच का? आपल्या शाफ़ई मसलकचे इमाम ज़रकशी (रह.) यांनी ज्या प्राण्यांना बाळगणे निषिद्ध म्हटले, त्यांत साप आहे. म्हणून ज्या घरात अजून साप आणलेला नाही, त्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे : आणू नका. कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षे जगू शकतो. मुलाची हौस कदाचित एका उन्हाळ्यात विरते, अमानत विरत नाही. ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी त्याला तेथील रानात सोडू नये. ब्रिटनमध्ये परका प्राणी निसर्गात सोडणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. जबाबदार प्राणी-केंद्राकडे तो सोपवता येतो. तोवर त्याचा घास त्याच्या फितरतीप्रमाणे, त्याच्या सृष्टिदत्त घडणीप्रमाणे, त्याला मिळाला पाहिजे.

आणि आपण, ज्यांच्या घरी साप नाही, त्यांनी आपला पिंजऱ्यातला पक्षी, काचेतला मासा, दावणीची बकरी यांच्याकडे एकदा पाहावे. त्यांच्यापुढे आपण टाकतो ते त्यांचे अन्न आहे, की आपल्या सोयीचे?

अल्लाह आपल्याला सोपवलेल्या प्रत्येक जीवाचा हक्क ओळखण्याची व तो अदा करण्याची तौफ़ीक़ देवो. आमीन.