दिवा विझला, म्हणजे काम झाले?



डिसेंबरची पहाट, धुळ्याची कडाक्याची थंडी. गाडी सुरू करताच चालकासमोर पिवळा दिवा लागतो: घोड्याच्या नालासारखी आकृती, आत उद्गारचिन्ह. टायरमधील हवा कमी आहे, एवढेच तो सांगतो. 'पुढे पाहू' म्हणत गाडी जळगावकडे निघते. पारोळा मागे पडते, ऊन चढते, टायर तापतात आणि एरंडोलच्या आसपास दिवा आपोआप विझतो. चालकाला हायसे वाटते. पण हवा कोणी भरली? कोणीच नाही.

तापमान १० अंशांनी वाढले की टायरमधील दाब साधारण दीड ते दोन पीएसआय वाढतो. म्हणून दिवा विझला. उणीव तशीच राहिली. कमी हवेच्या टायरच्या बाजू चालताना जास्त दबतात, टायर आतून तापतो आणि वेगात फुटू शकतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत दाब सुमारे २५ टक्के घटल्यावरच हा दिवा लागतो. म्हणजे इशारा मिळतो तोवर उशीर झालेलाच असतो.

काही गाड्यांत चाकामध्ये दाब मोजणारे यंत्र नसते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि इतरांपेक्षा जलद फिरते, त्यावरून गाडी अंदाज बांधते. तिथे हवा भरल्यावर बटण दाबून 'हाच योग्य दाब' असे गाडीला शिकवावे लागते. हवा न भरताच बटण दाबले तर? दिवा विझतो आणि गाडी उणिवेलाच योग्य समजू लागते.

आपली सदसद्विवेकबुद्धीही याच दोन रीतींनी गप्प करता येते. एक, वेळ जाऊ द्यायचा. दोन, चुकीलाच नियम ठरवायचे. पहिल्या रीतीत दुसऱ्या पहाटे टोचणी पुन्हा लागते. दुसरीत तीही लागत नाही, म्हणून ती अधिक घातक.

'मला ठाऊक नव्हते' ही सबब कधी चालते? ॲरिस्टॉटलने सांगितले आहे की जे अज्ञान माणसाने स्वतःच ओढवून घेतले, त्याचा दोष त्याच्याकडेच जातो. आणि 'दिवाच बिघडला असेल' ही शंका? तसे होऊ शकते. पण शंका ही तपासण्याचे कारण असते, दुर्लक्षाची परवानगी नव्हे.

हा दिवा दिसतो फक्त चालकाला. मागे झोपलेल्या मुलांना तो दिसत नाही, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारालाही नाही. धोका मात्र सर्वांचा. ज्याला कळले, त्याच्यावर न कळलेल्यांची जबाबदारी येते. घरात, शेतात, कचेरीतही हेच खरे.

तेव्हा दिवा लागला तर वेग हळूहळू कमी करा, जोरात ब्रेक मारू नका, सुरक्षित जागी थांबून चारही टायर पाहा. जवळच्या पंक्चरवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर हवा मोजून घ्या आणि टायर थंड असताना पुन्हा मोजा. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला आकडा प्रमाण माना. तापलेल्या टायरमधील हवा सोडू नका.

आणि दिवा आपोआप विझला, तरी हवा भराच.