कर्णाचे ऋण

उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला एकांती त्याच्या जन्माचे रहस्य सांगतात. कर्ण ते नाकारीत नाही. किंबहुना दुर्योधनाचा पराभव अटळ आहे, हेही स्वमुखाने बोलतो. तरी तो परततो दुर्योधनाकडेच. भर रंगभूमीत त्याचे कुळ विचारले गेले, तेव्हा अंगदेशाचे राज्य देऊन त्याची लाज दुर्योधनानेच राखली होती. अज्ञान ही कर्णाची अडचण नव्हतीच.

राजकीय अनुयायांचेही आम्हांस असेच दिसते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या खाजगी संभाषणाची प्रत ५ ऑगस्ट १९७४ रोजी प्रसिद्ध झाली. वॉटरगेटचा तपास दडपण्याचा बेत त्यांच्याच शब्दांत उघडा पडला, आणि ९ ऑगस्टला त्यांनी पद सोडले. त्याही सुमारास गॅलप संस्थेच्या चाचणीत शेकडा २४ लोक त्यांच्या कारभारास पसंती देत होते. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. परंतु पुढाऱ्यावरील आरोप अनुयायास स्वतःवरचाच वाटतो. पुरावा आणणारा प्रतिपक्षाचा असला, की पुरावाच वैरी ठरतो. निवडणुकीच्या दिवसांत एका पंगतीस बसणारे सख्खे भाऊ अबोला धरतात, तेही यामुळेच.

निक्सन यांस अखेरचे खरे सांगितले ते स्वपक्षीयांनी. ७ ऑगस्टला सिनेटर गोल्डवॉटर दोघा सहकाऱ्यांसह भेटीस गेले आणि सिनेटमध्ये पाठबळ उरले नाही, हे स्पष्ट बोलून आले. कर्णाला स्वपक्षात असे सांगणारे कोण होते? भीष्म होते खरे. पण त्या दोघांचे सख्य विळ्याभोपळ्याचे!