जेत्याचा न्याय कोणीं करावा?

युद्धांत जिंकलेल्या मुलखावर जेता जो अंमल बसवितो, त्याची परीक्षा बहुधा अंमलदाराच्या स्वभावावरून केली जाते. तो क्रूर असला तर अंमल वाईट, सौम्य असला तर चांगला, असा सरळ हिशेब आपण करतों. महाराष्ट्रांत या हिशेबाचा सर्वांत अधिक लाभ एल्फिन्स्टनसाहेबांस मिळाला आहे. ते विद्वान होते आणि येथील रीतिभातींचा त्यांनीं कसून अभ्यास केला होता. तेव्हां त्यांनीं १८१८ सालीं बसविलेला अंमल न्यायाचाच असला पाहिजे, असें पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. पुढें १० फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्याचा किल्ला पडला आणि दुसऱ्याच दिवशींच्या तारखेनें प्रसिद्ध जाहीरनामा निघाला. बाजीरावाचें राज्य संपलें. साताऱ्याच्या महाराजांस लहानसें राज्य मिळेल. वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानांच्या नेमणुका चालू राहतील. वसुलाचा मक्ता बंद होईल, अशीं आश्वासनें त्यांत होतीं. त्यांतच असेंही बजाविलें होतें कीं, जे लोक बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आंत घरीं परतणार नाहींत, त्यांच्या जमिनी जातील. परंतु बाजीराव शरण आला तो ३ जून १८१८ रोजीं. म्हणजे युद्ध चालू असतांच, एका पक्षानें दुसऱ्या पक्षाच्या शिपायांस बंडखोर ठरविलें होतें.

या शब्दांचा अर्थ पुण्यापेक्षां खेड्यांत अधिक स्पष्ट दिसतो. शिरूर तालुक्यांतील केंदूरसारखें गांव डोळ्यांपुढें आणावें. पूर्वेस घोडनदीची इंग्रज छावणी. दक्षिणेस भीमेकांठचें कोरेगांव, जेथें १ जानेवारी १८१८ रोजीं लढाई झाली. अशा गांवचा एखादा शिलेदार पेशव्यांच्या फौजेंत असेल, तर त्यानें काय करावें? धनी जिवंत असून रणांत आहे. त्यास सोडावें तर खाल्ल्या मिठाशीं बेइमानी, न सोडावें तर घरच्या माणसांच्या तोंडचा घास जातो. बाजीराव या निष्ठेस पात्र होता कीं नव्हता, हा प्रश्न वेगळा. मनुष्याची निष्ठा त्याच्या मुलांच्या पोटावर दाब आणून फिरविण्याचा अधिकार कोणास आहे काय, हा येथील प्रश्न आहे. १९०७ च्या हेग येथील नियमांनीं, व्यापलेल्या मुलखांतील रहिवाशांकडून शत्रूशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ जबरदस्तीनें घेण्यास मनाई केली. १८१८ सालीं असा नियम नव्हता, हें खरें. पण मिठास जागणें हें त्या वेळीं उभय पक्षांस ठाऊक होतें. स्वतःच्या शिपायाकडून इंग्रज हीच अपेक्षा करीत असत.

त्याच काळांत पुण्यांत इंग्रजांस मारण्याचा एक कट उघडकीस आला, आणि त्याच्या म्होरक्यांस एल्फिन्स्टन यांनीं तोफेच्या तोंडीं दिलें. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनीं, या कृत्याबद्दल कायद्याचें संरक्षण मागून घ्यावें, असें त्यांस सुचविलें. त्यावर एल्फिन्स्टन यांनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा सांगतात कीं, मी चुकलों असेन तर मला शिक्षा व्हावी. योग्य केलें असेल तर संरक्षण कशाला? उत्तर बाणेदार आहे. पण चूक कीं बरोबर हें ठरवावयाचें कोणीं? ज्यांचे प्राण गेले त्यांच्या आप्तांस दाद मागण्याची जागा नव्हती. आरोप करणारी, निवाडा देणारी आणि तो अमलांत आणणारी सत्ता एकच होती. अशा स्थितींत शिक्षेस तयार असल्याचें म्हणणें फारसें महाग पडत नाहीं.

याच्या शेजारीं थाळनेरचें उदाहरण ठेवावें. होळकरांशीं झालेल्या तहानें खानदेशांतील हा किल्ला इंग्रजांस मिळाला होता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं वेशींत झटापट होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यावर शिबंदीची कत्तल झाली आणि सर टॉमस हिस्लॉप यांनीं किल्लेदारास फांशीं दिलें. १८१९ सालीं पार्लमेंटांत फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हां या फांशीवर वाद झाला. किल्लेदार कांहीं त्यामुळें परत आला नाहीं. तरी जेत्यास जाब विचारतां येतो, एवढें त्या वादानें मान्य केलें. पुण्यांत तेवढेंही झालें नाहीं, कारण तेथील जेता सज्जन म्हणून प्रसिद्ध होता.

हा दोष इंग्रजांच्याच माथीं मारणें मात्र योग्य नव्हे. १७६० सालीं दिल्ली आपल्या हातीं आली, तेव्हां फौजेच्या खर्चासाठीं दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत भाऊसाहेबांनीं काढविलें. गरज खरी होती. पण ती किती, आणि तिच्यासाठीं काय मोडावें, हें गरजवंतानेंच ठरविलें.

कोणी म्हणेल, युद्धाच्या धामधुमींत न्यायसभा भरवितां येत नाहीं. कबूल. मग युद्ध संपल्यावर तरी दिलेल्या वचनांचा अर्थ तटस्थानें लावावयास हवा होता. तसें झालें नाहीं. १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें. १८५२ च्या कायद्यानें इनामांची चौकशी सरकारच्याच अधिकाऱ्यांकडे गेली आणि अनेकांचीं इनामें बुडालीं. वचन देणाराच त्याचा अर्थ सांगणारा झाला, म्हणजे वचनाची किंमत त्याच्या सोयीइतकीच उरते.

जेत्याचा सौम्यपणा हा जितांवर उपकार असेल, पण तो न्याय नव्हे. कारण उपकार करणारा तो केव्हांही परत घेऊं शकतो. म्हणून कोणत्याही लष्करी अंमलाविषयीं मत बनवितांना अंमलदार कसा होता, एवढेंच विचारून थांबूं नये. त्याच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागतां येत होती, हें आधीं विचारावें. केंदूरच्या त्या शिलेदारास जेता विद्वान आहे कीं अडाणी, याच्याशीं कर्तव्य नव्हतें. आपलें म्हणणें कोणीतरी तिऱ्हाइतानें ऐकून घ्यावें, एवढीच त्याची गरज होती.