कागदावरची 1 जून

नगर जिल्ह्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख कागदावर 1 जून असते. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराचा जन्म 'पोळ्याच्या आसपासचा' किंवा 'दुष्काळाच्या सालचा' एवढेच घरचे सांगत. शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून गुरुजी पटावर 1 जून लिहीत. त्या तारखेवर माणसे शिकली, नोकरीला लागली, पेन्शनीत निघाली. गावात खऱ्या तारखेवाचून कुणाचे काही अडले नाही.

हीच माणसे आता लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने अमेरिकेत राहायला जातात. तिथे छातीत दुखले, पाय घसरला, शुगर एकदम उतरली, तर दवाखान्यात पहिल्यांदा नाव आणि जन्मतारीख विचारतात. या दोन गोष्टींवरच रुग्णाची नोंद उघडते. आपण 01/06/1952 लिहितो. तिथे आधी महिना वाचतात, म्हणून 1 जूनची 6 जानेवारी होते. त्यात नवरा-बायको दोघांचीही तारीख 1 जून, आडनाव एक, आणि बाईच्या नावात मधे नवऱ्याचे नाव. अशा वेळी एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नोंदीत जायला वेळ लागत नाही. मग विमा कंपनी म्हणते, या नावाचा आणि या तारखेचा माणूस आमच्याकडे नाही. ऑक्टोबर 2024मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या पासपोर्टवर मात्र जन्मस्थान अहमदनगरच आहे. आपल्याला दोन्ही एकच हे ठाऊक असते, परक्या देशातल्या कारकुनाला ते कसे कळावे?

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970मध्ये काम सुरू केले. दोघेही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले होते. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोणत्या घरात पोटुशी बाई आहे, कुणाचे मूल अंग धरत नाही, हे त्यांना ठाऊक असे. उपचाराची सुरुवात माणूस ओळखण्यापासून होते, हे त्या कामाने दाखवून दिले. 1979मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परमुलखात ही ओळख कुणी आयती देत नाही. आपला डॉक्टर इथे राहतो, वीस वर्षांचा आजार त्याच्या डोक्यात राहतो. तिथे आपली ओळख कागदाने सांगावी लागते. म्हणून तो कागद नीट करणे हे मला रुग्णसेवेइतकेच मोलाचे वाटते. आई-वडिलांचे तिकीट काढताना आपण जेवढा जीव लावतो, तेवढा या कागदालाही लावला पाहिजे.

त्यावर नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर लिहावे. जन्मतारखेतला महिना आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहावा. जुने आजार, झालेली ऑपरेशने, कोणते औषध सोसत नाही, हे सगळे इंग्रजीत असावे. गोळ्यांची कंपनीने दिलेली नावे तिथे कुणाला कळणार नाहीत. आत कोणते औषध किती मिलिग्रॅम आहे, ते लिहावे.

विम्याचेही तसेच. इथला मेडिक्लेम बहुधा भारतापुरताच असतो आणि आयुष्मान कार्ड परदेशात चालत नाही. पाहुण्यांसाठीच्या बहुतेक पॉलिसी आधीपासूनचा आजार धरत नाहीत. काही पॉलिसींत प्रत्येक उपचाराला ठरलेलीच रक्कम मिळते, उरलेली खिशातून जाते. आपल्या वडिलांचे बीपी या पॉलिसीत बसते का, हे निघण्याआधी विचारून लेखी घ्यावे.

बिलांचाही धसका घेऊ नये. अमेरिकेत दवाखान्याचे बिल वेगळे, डॉक्टरचे वेगळे, तपासण्यांचे आणि रुग्णवाहिकेचेही वेगळे येऊ शकते. विमा कंपनीकडून हिशेबाचा जो कागद येतो, त्यावर बहुधा 'हे बिल नाही' असे छापलेलेच असते. तो पाहून घाबरून पैसे भरू नयेत आणि तो फेकूनही देऊ नये. बिलाचा बाबवार तपशील मागावा. क्लेम नाकारला, तर आधी नाव आणि तारीख जुळते का ते पाहावे आणि लेखी दाद मागावी. तिथल्या धर्मादाय रुग्णालयांना गरजूंसाठी सवलतीचे धोरण ठेवावेच लागते. त्याची चौकशी करण्यात कमीपणा नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट घडते ती वेगळीच. लेकराला खर्चात घालायला नको म्हणून आई दुखणे अंगावर काढते आणि बोलतच नाही. 1986च्या कायद्याने तिथल्या इमर्जन्सी विभागाला आलेल्या माणसाची तपासणी करून त्याला आधी स्थिर करावेच लागते, पैशाचे नंतर पाहतात. हे आईला विमानात बसण्याआधी सांगून ठेवा.

ज्यांच्या घरून यंदा कुणी निघणार असेल, त्यांनी आज तासभर आई-वडिलांजवळ बसावे, एकेक गोष्ट विचारून तो कागद लिहावा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या पासपोर्टमध्ये, एक आपल्याजवळ ठेवावी.