अक्षय भाते रिकामे होतात तेव्हा



आजचं चिंतन मौसलपर्वावर. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी हे सोळावं. गीता आपण सगळेच वाचतो, पण ती ऐकणाऱ्या अर्जुनाचं पुढे काय झालं, तिथपर्यंत फार थोडे जण पोचतात.

युद्धाला ३६ वर्षं झाली आहेत. यादव आपापसांत लढून संपलेत, श्रीकृष्णांनी देह ठेवला आहे. द्वारकेतल्या स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं यांना घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थाला निघतो. वाटेत पंचनद प्रदेशात आभीर लुटारू चालून येतात. त्यांच्या हातात नुसत्या काठ्या. अर्जुनाला आधी हसूच येतं. पण गांडीवाला दोरी चढवतानाच त्याची दमछाक होते. अस्त्रं आठवू म्हणतो, तर ती आठवत नाहीत. ज्या भात्यांचं नावच अक्षय, ते रिकामे होतात. धनुष्याच्या टोकाने मारत राहतो, तरी लुटारू त्याच्या डोळ्यांदेखत लोकांना ओढून नेतात.

यंदा नोकरी गेली, त्या आठवड्यात हा भाग पुन्हा वाचायला घेतला आणि याच ओळींवर अडकलो. सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल होता, एचआरमधली एक अनोळखी व्यक्ती कागद वाचावा तशी बोलत होती. कॉल संपला तेव्हा व्हीपीएन तुटलेलं. मेल उघडेना, पासवर्ड चुकीचा म्हणे. चॅटमधून आपोआप बाहेर. सहा वर्षं ज्या सिस्टिमचा अलर्ट रात्री तीनला आला तरी मी झोपेतून उठायचो, तिच्या दारात मी परका झालो होतो.

आपल्या क्षेत्रातल्यांना हे नवीन नाही. सुरक्षेसाठी असं करावं लागतं, हेही कळतं. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. आमच्या टीममधली चेन्नईची एक टेस्टर, तिच्या वडिलांचं त्याच दिवशी ऑपरेशन होतं. चार वर्षं आम्ही रोज बोलायचो, पण फोन नंबर कधी लागलाच नव्हता. ऑपरेशन कसं झालं, एवढं विचारायचीही सोय राहिली नाही.

आता अर्जुनाकडे या. तो व्यासांच्या आश्रमात जातो आणि मन मोकळं करतो. अस्त्रं गेल्याचं सांगतोच, पण त्याचा खरा आकांत वेगळा आहे. माझ्या रथाच्या पुढे जो असायचा तो आता दिसत नाही, असं तो म्हणतो. शत्रूचं सैन्य आधी त्याच्या तेजाने जळायचं, माझे बाण नंतर पोचायचे. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंतांनी त्याला निमित्त व्हायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ इथे, सगळं हातातून गेल्यावर, त्याच्याच तोंडून बाहेर येतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. कंपनी म्हणजे कृष्ण नव्हे! कंपनीने दिलेला ॲक्सेस म्हणजे फार तर गांडीव. कृष्ण शोधायचाच असेल तर तो त्या माणसांत शोधा, जी रात्री तीनच्या कॉलवर तुमच्यासोबत जागी होती. ऑफिसची कामं आपण ‘मी केली’ म्हणतो, तेव्हा अशी किती माणसं आपल्या रथापुढे असतात!

व्यास काय उत्तर देतात? तुझ्यात काही कमी होतं, असं ते म्हणत नाहीत. अस्त्रांचं काम झालं, ती आली तशी गेली, काळ देतो आणि काळच परत घेतो, असं समजावतात. ज्यांची नोकरी गेली आहे आणि जे रात्री छताकडे बघत ‘माझं काय चुकलं’ विचारत बसतात, त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. भाता रिकामा झाला म्हणून नेमबाज खोटा ठरत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. व्यासांकडे जाण्याआधी अर्जुन काय करतो? जे लोक वाचले त्यांची सोय लावतो. कृतवर्म्याच्या मुलाला मार्तिकावतात, सात्यकीच्या मुलाला सरस्वतीकाठी, कृष्णाचा पणतू वज्र याला इंद्रप्रस्थाला. अस्त्र एकही नाही, मन फाटलेलं, तरी हाताशी असलेलं कर्तव्य पार पडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पीएफचे कागद, घरच्यांचा आरोग्यविमा, हप्त्यांचा हिशोब. हीसुद्धा साधनाच आहे. रडायचं जरूर, पण वज्राची सोय लावून.

पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवरही गांडीव अर्जुनाच्या खांद्यावर असतंच. लोभ सुटत नाही. मग अग्नी वाट अडवून उभा राहतो. खांडववनाच्या वेळी हे धनुष्य मी वरुणाकडून आणलं होतं, आता त्याचं त्याला परत कर, म्हणतो. कृष्णाचं चक्रसुद्धा गेलं आहे, वेळ येईल तेव्हा पुन्हा हातात येईल, हेही सांगतो. अर्जुन गांडीव आणि दोन्ही भाते पाण्यात सोडतो. माझा लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला आला, तेव्हा मला हाच अग्नी आठवला. सही केली आणि बॅग त्याच्या हातात दिली.

त्या टेस्टरचा नंबर दोन मित्रांना विचारत विचारत नवव्या दिवशी मिळाला. वडील घरी आले होते. ती म्हणाली, “तुम्ही अचानक ग्रे झालात, आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही.” म्हणजे भिंतीच्या पलीकडेही माणसं वाट बघत होती.

म्हणून आजची साधना छोटीशी. तुमच्या टीममधलं कुणी असं अचानक दिसेनासं झालं असेल, तर आज त्याचा नंबर शोधा. काय बोलावं याचा विचार करत बसू नका. ‘कसा आहेस, जेवलास का’ एवढंही पुरतं. आणि तुमचंच गांडीव गेलं असेल, तर एवढं लक्षात ठेवा, ते पाण्यात सोडल्यावर अर्जुन थांबला नाही. रिकाम्या खांद्याने भावांबरोबर पुढे चालू लागला.

राम कृष्ण हरी.