खोडण्याआधी वाचावं



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३२.

भगवंत इथे अर्जुनाला सांगतात, की जो स्वतःवरून दुसऱ्याला ओळखतो, दुसऱ्याचं सुखदुःख आपल्याच मापाने मोजतो, तो योगी सगळ्यांत श्रेष्ठ. समतेचा विषय निघाला की आपण बहुतेक वेळा पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक आठवतो. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, श्वपाक, सगळ्यांकडे समदृष्टीने पाहणारा तो ज्ञानी. मला तो श्लोक कायम सोपा वाटायचा. "माझ्यासाठी सगळे सारखेच" म्हटलं की झालं! आजचा श्लोक मात्र तिथे सोडत नाही. तो पुढचं विचारतो: सारखे ना? मग त्याचं दुःख तुला किती दुखलं?

या प्रश्नापुढे मी कसा नापास झालो, ते आज सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही इथे कॅलिफोर्नियात घर घेतलं. वसाहत १९४६ सालची. कागदपत्रांचा दीडशे पानांचा गठ्ठा आला, तो मी रात्री बसून चाळत होतो. मध्येच टाइपरायटरवर टंकलेलं एक जुनं पान निघालं. वसाहतीच्या अटी. त्यात एक अट अशी, की कॉकेशियन वंशाच्या व्यक्तीशिवाय कोणालाही या घरात राहता येणार नाही. अपवाद फक्त एक: मालकाच्या घरी कामाला असलेले नोकर. गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर सूचना होतीच, की अशी कोणतीही अट आता बेकायदा आणि रद्द आहे.

मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्यालाही नसतं घेतलं." आम्ही हसलो. मी पानाचा फोटो काढून ठेवला, गंमत म्हणून.

आमच्या शेजारी एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. माझी मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. रविवारी अंगणात भेटले तेव्हा मी तो फोटो त्यांना दाखवला, हसत हसत. ते हसले नाहीत. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं आणि फोन परत दिला.

मग म्हणाले, "माझे वडील दुसऱ्या महायुद्धात होते. परत आल्यावर याच भागात घर बघायला आले होते."

१९४४च्या कायद्याने अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज मिळू लागलं. कागदावर ते सगळ्यांसाठी होतं. पण नव्या वसाहतींमध्ये अशा अटी, आणि सरकारच्याच गृहकर्ज विभागाच्या तीसच्या दशकातल्या नियमपुस्तिकेत या अटींची शिफारस. बँका कृष्णवर्णीयांना दारातूनच परत पाठवायच्या. आजोबा म्हणाले, "बाबांच्या पलटणीच्या वेळच्या गोऱ्या सैनिकांनी घरं घेतली. पुढे त्या घरांच्या जोरावर मुलांना कॉलेजात घातलं. आम्ही भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो."

यावर मी काय म्हणावं? जे म्हणालो ते लिहायला आजही लाज वाटते. म्हणालो, "पण ते सगळं कधीच संपलं ना? आणि आम्ही भारतीय तर नंतर आलो. आमचा यात काही संबंध नाही."

त्यांनी शांतपणे विचारलं, "नंतर आलात, बरोबर. पण कसे आलात?"

मला उत्तर माहीत नव्हतं. राग मात्र आला. इंजिनीअरिंगची डिग्री, रात्री जागून दिलेले इंटरव्ह्यू, व्हिसाच्या रांगा. माझ्या कष्टाने आलो की! आठवडाभर तो राग मनात घेऊन फिरलो. मग शोधायला बसलो.

आधी त्या अटीचं बघितलं. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अट कोर्टामार्फत लादता येणार नाही. पण लोक आपापसात ती पाळत राहिले. घरांच्या बाबतीत भेदभावच बेकायदा ठरवणारा कायदा आला एप्रिल १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्याभरात.

मग आपलं बघितलं. १९४६नंतर भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना स्थलांतराची परवानगी होती. देशांनुसार ठरवलेला हा कोटा १९६५च्या कायद्याने मोडला. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा, त्याच लाटेतला हा तिसरा. म्हणजे ज्यांनी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या, अंगावर कुत्री झेलली, त्यांनी ढकललेल्या दारातून आपले डॉक्टर आणि इंजिनीअर आत आले. मीसुद्धा. माझे कष्ट खरे होते. पण दार मी उघडलं नव्हतं.

पुढचं वाचताना मात्र पोटात कसंतरी झालं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा खटला त्याच सर्वोच्च न्यायालयात गेला. पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेले. आशियातून आलेल्या माणसाला तेव्हा 'गोरा' ठरल्याशिवाय नागरिकत्व मिळत नसे. म्हणून त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला, की हे आर्य आहेत, उच्चवर्णीय आहेत, आणि भारतातल्या खालच्या मानलेल्या लोकांकडे ते तसंच बघतात जसा अमेरिकन माणूस कृष्णवर्णीयांकडे बघतो. न्यायालयाने ते मानलं नाही. उलट आधी नागरिकत्व मिळालेल्या कितीतरी भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. पण मला निकालापेक्षा तो युक्तिवाद टोचला. दाराबाहेर उभं असताना आपण काय म्हणालो? "दार चुकीचं आहे" असं नाही. म्हणालो, "आम्ही त्यांच्यातले नाही, आम्हाला आत घ्या."

आणि तेव्हा मला आजीच्या घरची कपबशी आठवली.

गावी आमच्याकडे एक म्हातारे गडी होते. धान्याची पोती पाठीवर वाहून अंगणापर्यंत आणायचे. त्यांच्या चहाची कपबशी वेगळी, कान तुटलेली, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की ते स्वतःच ती विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. मी आठ वर्षांचा असेन. विचारलं तर आजी म्हणाली, "तशी रीत आहे, बाळा." त्याच आजीचा हरिपाठ एक दिवस चुकला नाही. माझ्यावर तिची किती माया होती, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्या टंकलेल्या पानावरचा नोकरांचा अपवाद आणि ती कपबशी, दोन्हींचं म्हणणं एकच: तुझे हात चालतील, तू नको. आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अरे, तेव्हा सगळेच तसं करायचे." आजोबांनी हे वाक्य आयुष्यभरात किती जणांकडून ऐकलं असेल!

ऑफिसमध्ये सिस्टम बंद पडली की आम्ही नंतर पोस्टमॉर्टेम लिहितो. त्याचा नियम असा, की कोणाला सुळावर चढवायचं नाही, पण काय घडलं ते वेळेसकट, काही न लपवता लिहायचं. "कोड जुना होता, मी लिहिला नव्हता" हे तिथे उत्तर होत नाही. लिहिला नसेल तू, पण आज ती सिस्टम तुझ्याकडे आहे. अन्यायाची कबुलीही अशीच असावी, असं मला वाटतं. मी आजीला खलनायिका करत नाही. पण तिच्यावर माया आहे म्हणून कपबशी खोटी ठरत नाही. अपराधी वाटून घेणं हा तरी पुन्हा 'मी'चाच खेळ. कबुली म्हणजे समोरच्याचं खरं आहे, हे मान्य करणं.

यात दुसऱ्याच्या नजरेची गरज का लागते? कारण आपला उंबरठा आपल्याला आतून दिसतो. किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळात एका शाळेत, जिथे अस्पृश्य मानलेल्या घरांतली मुलं शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती "अमेरिकेतले अस्पृश्य" अशी. किंग यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की आधी त्यांना धक्का बसला, रागही आला. मग त्यांनी आपल्या लोकांची अवस्था डोळ्यांपुढे आणली आणि मनाशी कबूल केलं, की होय, मी तोच आहे. आणि त्याच्याही ८६ वर्षं आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं होतं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. दोघांनीही दुसऱ्याच्या आरशात स्वतःचं घर बघितलं. मी मात्र आरसा समोर आल्यावर चिडलो.

इथे कायद्याने अर्ज करून ती अट आपल्या घराच्या दस्तऐवजातून काढून टाकता येते. मी फॉर्म भरला आणि सही करण्याआधी आजोबांकडे गेलो. आधी माफी मागितली. मग विचारलं, "काढू ना हे?"

ते म्हणाले, "काढ. पण खोडण्याआधी एकदा वाच. मोठ्याने."

त्यांच्या व्हरांड्यात बसून मी वाचलं. नोकरांच्या अपवादापाशी आवाज अडकला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. नंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. अर्ज आता गेला आहे. त्या पानाची एक प्रत मी घराच्या फाइलमध्ये ठेवली आहे. मुलगी मोठी झाली की तिला दाखवीन, आणि कपबशीचंही सांगेन.

आजचा श्लोक मला आता असा कळतो: दुसऱ्याचं दुःख आपल्या मापाने मोजायचं, तर आधी ते त्याच्या तोंडून पूर्ण ऐकावं लागतं. मध्ये "पण" न घालता.

आजचा छोटा अभ्यास: तुमच्या घरातली, गावातली किंवा सोसायटीतली अशी एक 'रीत' आठवा, जिच्यामुळे कोणीतरी दाराबाहेर राहिलं. वहीत लिहा. समर्थन करू नका, स्वतःला शिव्याही देऊ नका, फक्त घडलं ते लिहा. आणि ज्याला ते सोसावं लागलं, असं कोणी ओळखीचं असेल आणि त्याला बोलावंसं वाटत असेल, तर आज त्याचं ऐका.

उद्या भेटूच, पुढच्या श्लोकासह.

राम कृष्ण हरी.